नमस्कारवाली बाई गिरणीवर

जाताना माझ्या पर्समध्ये एक कागद होता आणि येताना त्याच कागदात बांधलेलं पावशेर येसर होतं. जालना जिल्ह्यातल्या माझ्या पाच दिवसांची कमाई एवढीच. पण परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "तिकडे काय काय पाहिलंस?" वेरूळ-अजिंठा करून आले असेन असं लोकांना वाटतं. मी सांगते, पिठाची गिरणी पाहिली. मग लोक विषय बदलतात. म्हणून म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढावं.

मी आवाजावर जगलेली बाई. तीस वर्षं रेडिओवर बोलले. निवृत्त झाल्यावर घरात नवऱ्याला पेपर मोठ्याने वाचून दाखवायला लागले, तेव्हा त्यानेच घाईघाईने मला हे काम शोधून दिलं. सरकारचं कृषी खातं आणि एक खाजगी कंपनी यांनी मिळून शेतकऱ्यांना फोनवरून सल्ला द्यायची योजना काढली होती. माहिती खात्याची, यंत्रणा कंपनीची, शेतकऱ्याला सगळं फुकट. ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, ज्याला वाचायची सवय नाही, त्याच्यासाठी ही सोय. दर गुरुवारी दुपारी त्याचा फोन वाजतो, तो उचलतो, आणि आवाज येतो, "नमस्कार शेतकरी बंधूंनो." तो आवाज माझा, आधीच रेकॉर्ड केलेला. कापसावरची अळी, तुरीवरची फवारणी, मोसंबीचं पाणी, चार वर्षं मी सगळं सांगत आले, पुण्यात एका काचेच्या खोलीत बसून. कापसाचं बोंड मी तोवर फक्त एका हॉटेलच्या फुलदाणीत पाहिलं होतं.

जानेवारीत कंपनीतल्या अनघाने वाचायला एक वेगळाच कागद दिला. "आपल्या गावातील ही सेवा या महिन्याअखेर थांबवण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत." हसनाबादच्या पुढचं एक गाव यादीतून निघणार होतं. मी कारण विचारलं.

"ताई, तिथे कोणी ऐकतच नाही. फोन उचलतात आणि तुमचा नमस्कार पुरा व्हायच्या आत कापतात. सगळं गाव."

"एकही माणूस ऐकत नाही?"

"एक नंबर आहे, तो शेवटपर्यंत ऐकतो. तेसुद्धा प्रत्येक निरोप तीनतीनदा. तो बहुतेक मशीनचा बिघाड असावा."

खरं सांगायचं तर मला गावाचं काही वाटलं नाही. माझा आवाज कापतात याचं वाटलं. तीस वर्षांत माझा आवाज कोणी कापला नव्हता, अपवाद फक्त घरचा. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "आधी त्या गावाला जाऊन येते, मग वाचायचं का ते बघू." अनघा हसली. येत्या गुरुवारच्या फोननंतर यादी पक्की होणार आहे, एवढं तिने सांगून ठेवलं. तिला वाटलं मी रागात बोलतेय. रागातच बोलत होते, पण राग माझा टिकाऊ आहे.

मस्तगड

जालन्यात उतरले तेव्हा दुपार कलली होती. स्टँडवर कृषी सहायक शेळके घ्यायला आले होते. या योजनेची सरकारी बाजू म्हणजे गावपातळीवर हे एकटे शेळके. पन्नाशीचे, डोक्याला मफलर, आणि काहीही बोललं तरी पहिला शब्द "बराबर". उन्हाचा ताप आहे म्हटलं, "बराबर." थंडी आहे म्हटलं, तरी "बराबर." जालन्यात बियाण्यांची दुकानं इतकी, की आमच्याकडे मिठाईच्या दुकानाबाहेर लोक रेंगाळतात तसे इथे बियाण्यांच्या दुकानाबाहेर रेंगाळत होते.

शेळक्यांचं घर मस्तगडात, खाली स्टेशनरीचं दुकान आणि वर दोन खोल्या. लॉजवर राहते म्हटलं तर त्यांच्या मंडळींनी मला उत्तरसुद्धा दिलं नाही, सरळ बॅग आत नेली. रात्री जेवायला येसराची आमटी होती. पुणेकर वाचकांसाठी सांगते: येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाला एकत्र दळून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीत सोडलं की घट्टसर, तांबूस आमटी होते. त्यात भाकरी कुस्करायची. आमच्या आमटीत गूळ पडतो हे ऐकून वहिनींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.

"येसर विकतचं का?" मी विचारलं.

"छे. भाजणी घरची, दळण शमीमचाचीचं," शेळके म्हणाले. "उद्या जायचंय त्याच गावची. तिच्या गिरणीबिगर येसराला चव न्हाई."

ही चाची कोण, हे विचारायचं माझ्या तेव्हा मनातही आलं नाही.

हसनाबादच्या पुढे

गावाचं नाव मी लिहिणार नाही. का लिहिणार नाही, ते पुढे कळेल.

शेळक्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून निघाले. वयाच्या बासष्टीला, साडीत. राजूरच्या अलीकडे एका गतिरोधकावर माझी डावी चप्पल उडाली आणि ते आम्हाला तीन किलोमीटरनंतर कळलं. परत फिरणार तेवढ्यात मागून कापसाचा टेम्पो आला. ड्रायव्हरने खिडकीतून चप्पल पुढे केली, एक शब्द न बोलता, आणि निघून गेला. पुण्यात अशी चप्पल मिळाली असती, पण सोबत थोडं भाषणही मिळालं असतं.

राजूर सोडल्यावर शिवार उघडं पडतं. कापसाची शेवटची वेचणी चाललेली, बाकी रानात कापसाच्या रिकाम्या पऱ्हाट्या उभ्या, मधे ज्वारी निसवलेली, नवी कणसं डोकावणारी. आणि मोसंबीच्या बागा. त्या पाहून मला धस्सच झालं. झाडं मलूल, पानं पिवळी, बुडाला सडा पडलेला. दगडूबा नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर आम्ही थांबलो. साठीचा, काटक माणूस, हातात फावडं. गव्हाला पाणी देत होता. शेजारी बाग तहानेने वाळतेय आणि हा गव्हाला पाणी देतोय, हे पाहून मला राहवलं नाही.

"अहो, त्या झाडांनाही पाजा की जरा. मरतील ती."

दगडूबाने शेळक्यांकडे पाहिलं. शेळक्यांनी मफलर नीट केला.

"ताई," शेळके हळूच म्हणाले, "बागेला ताण दिलाय. पाणी तोडल्याबिगर बहार धरत न्हाई. मागच्या महिन्यात तुम्हीच सांगितलं ना फोनवर."

सांगितलं होतं खरं. शब्दन् शब्द स्पष्ट, योग्य जागी विराम घेऊन. फक्त ते झाडाबद्दल आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकले.

"ह्या फोनवरच्या ताई," शेळक्यांनी ओळख करून दिली.

"कोणत्या फोनवरच्या?"

मी घसा साफ केला आणि माझ्या ठेवणीतल्या आवाजात म्हटलं, "नमस्कार शेतकरी बंधूंनो."

दगडूबाचा उजवा अंगठा आपोआप हलला. रिकाम्या हवेत त्याने बटण दाबलं, फोन कापल्यासारखं. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो तोंडभर हसला. "आरं, ह्या तर नमस्कारवाल्या बाई."

गावात माझं हेच नाव होतं. चार वर्षांत त्यांनी माझ्या तोंडून एवढंच ऐकलं होतं, त्यामुळे दुसरं नाव पडायला जागाच नव्हती.

"पुढचं का ऐकत नाही हो?" मी विचारलं. आवाज थोडा चढलाच असेल.

"पुढचं चाची सांगती की," दगडूबा म्हणाला. "दुपारी माझे हात चिखलात. एका हातात फावडं, दुसऱ्यात फोन, तंवर इकडं पाटाचं बारं फुटून पाणी भलतीकडं जातं. अन् ऐकलं तरी उलटं काही इचारता येत न्हाई तुम्हाला. तुम्ही बोलता अन् जाता. चाची बसती."

"मग उचलता तरी कशाला?"

 दगडूबा पुन्हा शेळक्यांकडे बघायला लागला.  शेळके म्हणाले, "ते माझं काम हाय, ताई. पहिल्या साली तीनदा फोन न्हाई उचलला म्हून कंपनीनं अर्ध्या गावाची नावं काढून टाकली. परत नोंदवायला सगळ्यांना आधार घेऊन हसनाबादला जायला लावलं. एक दिवसाची मजुरी बुडाली लोकांची. तव्हा मीच सांगितलं, उचला अन् ठेवून द्या. नाव राहतं. ऐकायला चाची हाय."

पुण्यात बसलेल्या मशीनला हे कसं कळावं? नाव टिकवायला म्हणून जे केलं, त्याच्यापायीच आता सगळं गाव यादीतून जायला निघालं होतं. मी कागदाचा विषय तेव्हा काढला नाही. आधी मला ती चाची बघायची होती.

गिरणी

गावात शिरताना पहिल्यांदा गिरणीचा आवाजच येतो. पत्र्याची शेड, एक जातं, बाहेर डब्यांची रांग. डबे नंबराला लावून माणसं ओट्यावर बसलेली, बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. शमीमचाची माझ्याच वयाची असेल. किडकिडीत, पापण्यांवर पीठ. नवरा गेल्यापासून गिरणी तीच चालवते.

मावळतीला मशिदीतून बांग आली. चाचीने खटका पाडला, जातं घरघरत थांबलं आणि ती नमाजाला आत गेली. कोणी उठलं नाही. पीठ मिळालेलेही बसून राहिले. मला वाटलं, विश्रांती असेल. दहा मिनिटांनी ती बाहेर आली, पण जातं सुरू केलं नाही. पायरीवर बसली आणि म्हणाली, "हां, कुणाचं काय?"

मग जे सुरू झालं ते मी रेडिओवर तीस वर्षांत करू शकले नव्हते. एकीने विचारलं, तुरीला घरात भुंगा लागला तर काय. चाचीने माझा तीन आठवड्यांपूर्वीचा निरोप सांगितला, पण माझ्या शब्दांत नाही. "तुझी कोठी भिंतीला चिकटून हाय ना? आधी ती हलीव. ओल तिथनं येऊन राह्यली." एकाला म्हणाली, "तू ते औषध मागच्या खेपेला दुप्पट घातलं होतं, माहीत हाय मला. ह्या खेपेला माप घेऊन ये इथं, मी दाखवते." कोणाची जमीन कुठे, कोणाच्या विहिरीला किती पाणी, कोणाची सून माहेरी गेल्यामुळे वेचणी अडलीय, हे सगळं तिला ठाऊक. सगळ्यांचं धान्य तिच्या हातून जातं, तर न कळून कसं चालेल.

अंधार पडता पडता बोलणं संपलं, जातं पुन्हा फिरायला लागलं. शेळक्यांनी मला पुढे केलं. चाचीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "बोला की जरा."

मी बोलले. तिने डोळे मिटले. "हां. हीच. गुरुवारची भाकर मी तुमच्यासंगच खाते, चार साल झाले." डोळे उघडून म्हणाली, "पण एक इचारू? तुम्ही बंधू-बंधू करता. ऐकणारी मी एकटी, अन् मी तर बाई."

 बाजूला झाल्यावर मी शेळक्यांना विचारलं, हिची शेती किती? गुंठाही नाही, ते म्हणाले. फॉर्म भरताना हिच्या नावापुढे पीक कोणतं लिहावं हे सुचेना, म्हणून त्यांनी "सर्व पिके" लिहिलं होतं. त्यामुळे ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या पिकाचा निरोप जायचा, आणि चाचीला सगळ्यांचा. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून पाठ होईपर्यंत ती एक दाबून पुन्हा पुन्हा ऐकायची. पुण्यातला बिघाड तो हा.

कडुनिंबाखाली

बुधवारी सकाळी, गावात जिथे फोनला नीट रेंज येते त्या कडुनिंबाखाली उभी राहून मी अनघाला सगळं सांगितलं, फक्त चाचीचा नंबर आणि शेळक्यांचा तो फॉर्म सोडून. गावाचं नाव लिहीत नाही तेही त्या फॉर्मपायीच. ती वाईट मुलगी नाही. शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मला पटतंय. पण बैठकीत मी गिरणी कुठल्या रकान्यात दाखवू? मला फक्त कोणी किती ऐकलं तेवढंच दिसतं. उद्या लोकांनी पूर्ण ऐकलं तर गाव राहील. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

संध्याकाळी बांगेनंतर, चाची पायरीवर बसल्यावर, मी परवानगी मागितली आणि तो कागद मोठ्याने वाचला. सेवा थांबवण्यात येत आहे, आभारी आहोत, सगळं. कोणाचाही अंगठा हलला नाही. माझा पहिलाच निरोप त्यांनी शेवटपर्यंत ऐकला, आणि तो नेमका हा.

 मोसंबीवाले एकमेकांकडे बघत होते. बागेला पाणी कधी सोडायचं तो निरोप उद्याच यायचा होता. आठ दिवस इकडेतिकडे झाले तर वर्षाचा बहार जातो, एवढं आता मलाही कळलं होतं.

"मंग ऐकू की सगळे," दगडूबा म्हणाला. "त्यात काय? उद्यापासून ज्यानं त्यानं आपापलं ऐकायचं."

"बराबर," शेळके म्हणाले. माणसांत एकदम हुशारी आली. कोणी म्हणालं फोन रात्रीच चार्ज करून ठेवा, कोणी म्हणालं शेजारच्यालाही सांगा. मीही खूश. मग माझं लक्ष चाचीकडे गेलं. ती उठली होती. कोणाला काही न म्हणता तिने खटका वर केला, आणि त्या घरघरीत सगळ्यांचं बोलणं बुडून गेलं. रोजच्यापेक्षा लवकर.

ज्याने त्याने आपापलं ऐकायचं तर मग पायरीवर बसायचं कोणी, कशाला? मी गाव वाचवायला निघाले होते आणि जिने चार वर्षं ते चालवलं तिचीच जागा काढून घेतली होती. निघताना मी तिच्याजवळ गेले, काहीतरी बोलावं म्हणून.

"ऐकू द्या सगळ्यांना," तीच म्हणाली, पिठाचा डबा हलवत. "दगडूबाची बाग धा वर्सांची हाय. निरोप राह्यला पाहिजे. माझं काय, मी दळणवाली." आवाज अगदी सरळ होता. मोटारसायकलवर परत येताना शेळके एकदाही बराबर म्हणाले नाहीत.

गुरुवार

दुपारी मी दगडूबाच्या रानात होते. आधी त्याचा फोन वाजला, मग पलीकडच्या बांधावरचा, मग ओढ्याकडून दोन-तीन. आणि चारी बाजूंनी मी बोलायला लागले. एका फोनवर नमस्कार चाललेला, दुसऱ्यावर हवामान, तिसऱ्यावर पुन्हा नमस्कार. माझा आवाज असा उघड्या रानात मी कधी ऐकला नव्हता. छान आहे आवाज, नाही म्हणत नाही. पण किती लांबण, आणि किती गोड. मधे एकदा मीच कंटाळले.

दगडूबा मात्र फोन कानाला लावून ताठ उभा होता, झेंडावंदनाला उभं राहावं तसा. फावडं खाली पडलेलं. इकडे बारं फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात शिरत होतं, ते मला दिसत होतं, पण त्याला हलवायची माझी हिंमत झाली नाही. निरोप संपला. त्याने घाम पुसला.

"काय कळलं?" मी विचारलं.

"आवाज लई गोड हाय तुमचा," तो म्हणाला, आणि फुटलेलं बारं बांधायला धावला.

तीनच्या सुमाराला अनघाचा फोन आला. "ताई, काय जादू केलीत? जवळजवळ सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. गाव राहिलं समजा. तो कागद फाडून टाका." मग हसत म्हणाली, "आणि गंमत म्हणजे तो बिघाडवाला नंबर आज पहिल्यांदाच शांत आहे. फोन उचललाच नाही. आपोआप दुरुस्त झाला बघा."

 मी तशीच चालत गिरणीवर गेले. जातं चालू होतं. चाचीचा फोन फळीवर पडला होता, वरून पीठ बसलेलं.

"आज ऐकलं नाही तुम्ही?"

"सगळ्यांनी ऐकलं ना. मी कशाला?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आज माणसं डबे घेऊन जल्दी जातील. मलाबी बरंच हाय, दळण उरकतं."

बांग झाली. खटका पडला. ती आत गेली. मी ओट्यावर एकटी बसले होते, खरंच एकटी. डबे होते, माणसं नव्हती. मग हळूहळू एकेक जण आला. दगडूबा पाय धुवून आला, त्याच्या मागे तो हरभऱ्यावाला शेजारी, दुपारपासून त्याच्याशी भांडत. बायका आल्या. रोजच्यापेक्षा जास्तच माणसं झाली. चाची नमाज आटपून बाहेर आली आणि दारातच थबकली.

"काय?"

"सांग की," दगडूबा म्हणाला.

"तुम्ही ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. बिलकुल शेवटपर्यंत ऐकलं. ह्या बाईंना इचार." त्याने माझ्याकडे बोट केलं. "ऐकायचं काम झालं. आता समजून सांग. हलक्या जमिनीला कव्हा पाणी अन् भारीला कव्हा, तिथं माझा गोंधळ झाला. पाणी फुटलं होतं."

"मी आज फोन उचलला न्हाई," चाची म्हणाली. हे सांगताना तिचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

 मग मी उठले. तिच्या पायरीवर, तिच्या शेजारी बसले. म्हटलं, "मला पाठ आहे. मी तुम्हाला म्हणून दाखवते, तुम्ही यांना सांगा." आणि सवयीने तोंड उघडलं, तर "शेतकरी बंधूंनो" बाहेरच येईना. समोर ही बसलेली.

"नमस्कार, शमीमबाई," मी म्हटलं.

मी पूर्ण निरोप सांगितला. माणसाच्या तोंडाकडे बघत निरोप सांगायची माझी ही पहिलीच वेळ, त्यामुळे दोनदा अडखळले. संपल्यावर तिने एक बोट वर केलं. आधी मला कळलं नाही. मग कळलं. पुन्हा ऐकण्यासाठी एक दाबा, असं मीच तर दर गुरुवारी सांगत आले होते. मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा बोट वर केलं. तिसऱ्यांदा सांगताना तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

मग ती माझ्याकडे पाठ करून लोकांकडे वळली. "दगडूबा, तुझी ओढ्याकडची जमीन भारी. तू अजून आठ दिवस पाण्याला हात लावू नको. झाडं कशीबी दिसू दे. माळावरच्यांनो, तुमची हलकी. पाव हिस्सा पानं गळली असतील तर सकाळी पाणी सोडा, पण पहिलं पाणी हलकं." दगडूबाने मान हलवली. शेजाऱ्याने विचारलं, हरभऱ्यात पाणी शिरलं त्याचं काय. चाची म्हणाली, ते तुम्ही दोघं बघा, ते फोनवर सांगत न्हाईत. सगळे हसले, मीसुद्धा. माझे डोळे भरून आले होते. पीठ गेलं असं मी सांगितलं.

शुक्रवारी निघताना चाचीने येसर दिलं. बांधायला कागद हवा होता. मी पर्समधला काढून दिला.

"लिहिलेलं हाय त्याच्यावर," ती म्हणाली.

"लागत नाही आता."

तिने पुडी बांधली, दोऱ्याचे दोन वेढे दिले. "गुरुवारी फोन उचलते बराबर," ती म्हणाली. "पण आपा, तुम्ही जरा सावकाश बोला. तुमचं बोलणं संपतं अन् माझी अर्धी भाकर राह्यलेली असती."

तेव्हापासून मी सावकाश वाचते. अनघा म्हणते, ताई, मजकूर तेवढाच आहे, मग वेळ का वाढतोय? मी तिला काही सांगत नाही. एक भाकरी निवांत खाऊन व्हायला जेवढा वेळ लागतो, तेवढा तो वाढलाय.